प्रस्तावनाकाकांचं मौन आणि तुझा गुडघा

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (लिहायची रीत म्हणून लिहिलं आहे. प्रत्यक्षात मी खुर्चीत बसले आहे आणि पाठ भिंतीला टेकलेली आहे.) तू बरी असशील. बाबा बरे आहेत, आई बरी आहे, मीही बरी आहे. म्हणजे ज्या तक्रारी आहेत त्या तब्येतीच्या नाहीत. तुझा गुडघा कसा आहे? आपल्या घरात तुझं नाव निघालं की पहिली चौकशी गुडघ्याची होते. मी घरची रीत मोडणारी नाही, म्हणून तीही करून घेते. उत्तराची घाई नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. कारण साधं आहे. फोनवर तुला कुणी काही विचारलं की तू ‘ठेवते गं’ म्हणतेस आणि खरोखर ठेवतेस. पत्राला ती सोय नाही. फार तर घडी घालून तू ते चष्म्याच्या डबीखाली सारशील, पण तोवर अर्धं वाचून झालेलं असेल, आणि कुठलीही गोष्ट अर्ध्यावर टाकणं तुझ्या स्वभावात नाही. (याला एक अपवाद घरात सांगितला जातो. त्याच्याविषयी इथे काही लिहीत नाही.)

मुद्दा असा, की आमच्या कार्यक्रमाचा एकच भाग उरला आहे आणि तो धड झाला नाही तर कार्यक्रम बंद होणार आहे. कार्यक्रम तू ऐकतेस असं बाबा म्हणतात, ऐकत नाहीस असं तू म्हणतेस, तेव्हा पहिल्यापासून सांगते. खेळाडूंना आणि लेखकांना बोलवायचं, समाज आणि सार्वजनिक जीवन यावर त्यांच्याशी गप्पा मारायच्या, आणि त्या पॉडकास्ट म्हणून लोकांना ऐकवायच्या, असं त्याचं स्वरूप आहे. खेळाडू आणि लेखकच का, याचं उत्तर आमचे निवेदक असं देतात की ही माणसं सराव एकटी करतात आणि हरतात मात्र चारचौघांत, त्यामुळे समाज म्हणजे काय हे त्यांना इतरांपेक्षा लवकर कळतं. वाक्य चांगलं आहे. त्यांची सगळी वाक्यं एवढ्याच लांबीची असती तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

कार्यक्रम बंद झाल्यावर त्याच्या जागी काय येणार, तेही ठरलं आहे. आमच्या संचालकबाईंनी त्याचं नाव ‘पटापट’ असं ठेवलं आहे. त्यात पाहुण्याला विचार करायला वेळ द्यायचा नसतो. चहा की कॉफी, डोंगर की समुद्र, पहाट की संध्याकाळ, असं विचारत सुटायचं. नमुन्याचा एक भाग झालासुद्धा. पाहुण्यांनी समुद्र निवडला. ध्वनीचं काम मीच केलं. समुद्र अगदी स्वच्छ ऐकू येतो. थोडक्यात माझी नोकरी जाणार नाही, ‘पटापट’लाही आवाज लागतोच. पण मला आपला कार्यक्रम बंद पडू द्यायचा नाही. तसं मी ठरवलं आहे. मी काही ठरवलं की काय होतं हे तुला ठाऊक आहे, कारण हा दोष माझ्यात सरळ तुझ्याकडून आला आहे असं आईचं मत आहे. (बाबा यावर मत देत नाहीत. ते तुझे सख्खे भाऊ असल्यामुळे त्यांना तुझ्याबद्दल फक्त गुडघा माहीत आहे.)

आमची जागा तू पाहिलेली नाहीस. तळमजल्यावर चष्म्यांचं दुकान, त्यावर एक वकील, त्यांच्या वर रिकामी जागा आणि त्या रिकाम्या जागेच्या वर आम्ही. रेकॉर्डिंगच्या खोलीत आधी नळाचं सामान ठेवत असत. आता भिंतींना करडा स्पंज लावला आहे आणि दाराला जाड रबर, त्यामुळे दार लावलं की कानात बोटं घातल्यासारखं वाटतं. मध्ये गोल टेबल, त्यावर जाजम, दोन माइक. एका भिंतीत काच आणि काचेच्या अलीकडे मी. पंखा बंद ठेवावा लागतो, कारण तो ऐकू येतो. लिफ्टसुद्धा मी रेकॉर्डिंगच्या आधीपासून बंद करायला लावते, कारण तिच्या मोटरीची घरघर भिंतीतून माइकपर्यंत पोचते. वकिलांना हे मान्य नाही. त्यांचे अशील धापा टाकत येतात आणि त्यामुळे आधीच हरल्यासारखे दिसतात, असं त्यांचं म्हणणं आहे. मी त्यांना माझ्या खोलीत नेऊन मोटरीचा आवाज ऐकवला. ते म्हणाले, मला तर काहीच ऐकू येत नाही. मी म्हटलं, म्हणूनच तुम्ही वकील आहात आणि मी इथे बसते. तेव्हापासून ते जिन्यात भेटले तर भिंतीकडे बघतात.

आता निवेदक. त्यांना आम्ही प्रस्तावनाकाका म्हणतो, अर्थात ते समोर नसताना. पूर्वी ते वर्तमानपत्रात अग्रलेख लिहीत. त्यांचा प्रश्न मानवजातीच्या आरंभापासून सुरू होतो, शेतीच्या शोधापाशी थोडा विसावतो, तिथून शिक्षणव्यवस्थेत शिरतो, तिच्यात काकांची स्वतःची शाळा लागते, शाळेत एक मास्तर असतात, त्या मास्तरांचं एक वाक्य असतं, आणि ते वाक्य सांगून झालं की काकांचा श्वास संपतो. मग ते टेबलावर हात ठेवतात आणि म्हणतात, तर काय वाटतं? पाहुणा म्हणतो, हो. लांब पल्ल्याची एक धावपटू आली होती, तिने प्रश्नाच्या मध्यावर पाणी मागितलं. पण माणूस खोटा नाही, हे मी नोंदवून ठेवते. पाहुण्याचं पुस्तक ते शेवटच्या पानापर्यंत वाचतात, पाहुण्याचे सामने पुन्हा पुन्हा बघतात, आणि लिफ्ट बंद असते म्हणून स्वतः खाली जाऊन पाहुण्याची पिशवी वर आणतात. एवढं सगळं केल्यावर ते सगळं बोलून दाखवावंसं वाटणारच. अडचण एवढीच, की लोक प्रश्न चालू असतानाच ऐकणं सोडतात. कुठे सोडतात हे मला आलेखावर दिसतं. साधारण मास्तर आले की सोडतात.

एका भागात मात्र कुणीच सोडलं नाही. त्या भागाची हकीकत अशी.

त्या वेळी पाहुणी म्हणून एक वेटलिफ्टर आली होती. तुझ्यापेक्षा पुष्कळ लहान, माझ्यापेक्षा थोडी मोठी. खांदे दाराइतके आणि बोलणं मोजकं. गप्पा नेहमीसारख्याच झाल्या, म्हणजे काकांनी मारल्या. नंतर मी कामाला बसले. माझी पद्धत अशी: दोन माइकचे आवाज वेगवेगळे साठवले जातात आणि पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. एका पट्टीचं ‘सोलो’ बटण दाबलं की फक्त तेवढीच ऐकू येते, दुसरी गप्प. मी आधी पाहुण्याची पट्टी सोलोवर टाकून साफ करते. खोकला, खुर्चीची करकर, ओठांचा आवाज. पाहुण्याच्या माइकमध्ये समोरच्याचा आवाजही थोडा पाझरतो, तोही काढून टाकते, इतका की समोर कुणी होतं यावर विश्वास बसू नये. (या कामात माझा हात धरणारं कुणी नाही. हे मी सांगत नाही, संचालकबाई सांगतात. मी फक्त खोडून काढत नाही.) काकांची पट्टी मी जेवणानंतर घेते, कारण तेव्हा माझी सहनशक्ती भरलेली असते. शेवटी सोलो काढायचं, दोन्ही एकत्र ऐकायच्या आणि मग भाग पाठवायचा.

त्या दुपारी दोन्ही पट्ट्या साफ झाल्या. सोलो काढायचं राहिलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. फोन तुझा होता. तू कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीस, त्यामुळे मला आधी वाटलं बाबांचं काही. तू म्हणालीस, ती वेटलिफ्टर येऊन गेली म्हणे तुमच्याकडे, काय म्हणाली? मी म्हटलं, कशाबद्दल? त्यावर तू म्हणालीस, काही नाही, ठेवते गं. मी फोनकडे बघत बसले. मग भाग पाठवून दिला. सोलो तसंच होतं.

तेव्हा तो भाग लोकांनी ऐकला तो असा. आधी बराच वेळ काहीच नाही. मग एका बाईचा आवाज: हो. पुन्हा काहीच नाही, आणि हे काहीच नाही इतकं लांब की माणूस उठून कपडे वाळत घालून येईल. मग: तसं नसतं ते. पुन्हा शांतता. मग: वजन उचलणं जमतं सगळ्यांना, खाली ठेवताना कळतं कोण काय आहे ते. असं सगळं. सर्वांत गाजलेली जागा शेवटाकडे आहे. तिथे शांतता त्यातल्या त्यात छोटी आहे, आणि तिच्यानंतर ती हळू आवाजात म्हणते, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. ते ऐकून लोक रडले. तसं त्यांनी लिहून कळवलं. (प्रश्न असा होता: खुर्ची बुटकी तर वाटत नाही ना?)

पत्रांचा पाऊस पडला असं मी म्हणणार नाही, पण संचालकबाईंना दुसरं खोकं आणावं लागलं. एका शिक्षिकेने तो भाग वर्गात लावला आणि मुलांना मधले प्रश्न लिहायला सांगितले. एका निवृत्त न्यायाधीशांनी लिहिलं, की जन्मभर दोन्ही बाजू ऐकल्या, एकच बाजू ऐकण्यात एवढा आनंद असतो हे आता कळलं. एका गृहस्थांचं पत्र दोनच ओळींचं होतं: मधल्या शांततेत आम्ही नवराबायको बोललो, बऱ्याच दिवसांनी. आलेखाची रेघ पहिल्यांदाच शेवटपर्यंत सपाट गेली. मला हे बघून आनंद झाला नाही. चुकून आलेलं बरोबर उत्तर मी बरोबर धरत नाही.

मी काकांकडे गेले आणि काय झालं ते क्रमाने सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं (हेही पहिल्यांदाच), पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, म्हणजे मी एक शब्दही बोललो नाही तेव्हा आपला सर्वांत चांगला भाग झाला. मी हो म्हटलं. आई म्हणते अशा वेळी हो म्हणायचं नसतं. मग काय म्हणायचं असतं ते ती सांगत नाही. काका बराच वेळ त्या टोपणाकडे बघत होते आणि मला पहिल्यांदाच वाटलं की त्यांच्या मास्तरांबद्दल आपण एकदा नीट ऐकायला हवं होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कुणीतरी अभिनंदन करत होतं. काय तो संयम, काय ते मौन. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि फोनमध्ये म्हणाले, शांतता हीसुद्धा एक भूमिका असते. मी बाहेर आले.

इथून पुढे जे झालं त्याला सोलो बटण जबाबदार नाही. काकांना मौनावर व्याख्यान द्यायला बोलावलं. व्याख्यान इतकं लांबलं की शेवटी सभागृहाच्या रखवालदाराने दिवे घालवले, आणि काका अंधारात बोलत राहिले, कारण अंधार हाही मौनाचाच भाऊ आहे असा त्यांचा मुद्दा चालू होता. मग त्यांनी आम्हाला कळवलं की यापुढे ते रेकॉर्डिंगमध्येही बोलणार नाहीत. पाहुण्याला मोकळं आकाश द्यायचं. पुढचे पाहुणे होते एक कादंबरीकार. समाजावर उशीएवढ्या जाड कादंबऱ्या लिहिणारे, आणि तोंडाने बोलण्याचा मनस्वी कंटाळा असलेले. ते जिना चढून आले तेव्हा तसंही त्यांच्यात बोलण्याइतकी हवा उरली नव्हती. शिवाय त्यांनी वेटलिफ्टरचा भाग ऐकला होता, आणि या कार्यक्रमात असंच गप्प बसायचं असतं अशी त्यांची समजूत झाली होती.

दार लागलं. लाल दिवा लागला. काका कादंबरीकारांकडे बघू लागले आणि कादंबरीकार काकांकडे. काचेअलीकडे मी दोन्ही माइकच्या काट्यांकडे बघत होते. दोन्ही काटे झोपलेले. एकदा कादंबरीकारांनी आवंढा गिळला आणि त्यांचा काटा किंचित उठला. मला आशा वाटली. मग काकांनी मान हलवली. त्यावर कादंबरीकारांनीही हलवली. मान हलवलेली रेकॉर्ड होत नाही. मी काचेवर टकटक केलं तर दोघांनी मला हाताने शांत राहायला सांगितलं. शेवटी वेळ संपल्यावर ते उठले, एकमेकांचे हात हातात घेतले, आणि जिना उतरताना कादंबरीकार मला म्हणाले की इतकं मोकळेपणाने आपण आयुष्यात कुणाशी बोललो नव्हतो. संचालकबाईंनी तो भाग ऐकायला घेतला आणि थोड्या वेळाने विचारलं, फाइल बिघडली आहे का? मी म्हटलं, नाही, अगदी अचूक आहे. त्या म्हणाल्या, ‘पटापट’.

मी त्यांच्या खोलीतून निघाले नाही. तशी मी कुणाच्या खोलीत थांबत नाही. मी म्हटलं, एक भाग शिल्लक आहे, तो होऊ द्या. संचालकबाई वाईट नाहीत, त्यांना फक्त रिकाम्या जागेची भीती वाटते. त्या म्हणाल्या, ठीक आहे. पण त्यात प्रश्न ऐकू आला पाहिजे, उत्तर ऐकू आलं पाहिजे आणि लोकांनी शेवटपर्यंत थांबलं पाहिजे. तसं झालं तर पुढचं पर्व, नाहीतर समुद्र. मी कबूल केलं. मग काकांना सांगायला गेले तर काका मौन शिबिराला निघाले होते. तिथे जाण्याआधीच त्यांनी मौन सुरू केलं होतं, त्यामुळे ते मला हाताने काहीतरी सांगत होते. मला वाटलं पंखा बंद कर म्हणत आहेत, मी बंद केला. स्वागतकक्षातल्या बाईंनी नंतर अर्थ लावून दिला: शेवटचा भाग तू घे. मी म्हटलं, मी काचेच्या अलीकडे बसते. बाई म्हणाल्या, मग पलीकडे जाऊन बस, दाराला कडी थोडीच आहे.

कडी खरोखरच नाही. पण अडचण वेगळी होती आणि ती तुला सांगायला हरकत नाही, कारण ती तुझ्या माहेरची आहे. मला प्रश्न विचारता येत नाहीत. आपल्याकडे कुणी विचारत नाही. बाबा नोकरी बदलून आले तेव्हा आईने ताट वाढलं. मी पदवी घेऊन या शहरात राहायला निघाले तेव्हा बाबांनी बॅगेची चाकं तपासली. आपल्या घरात प्रश्न म्हणून जे काही विचारलं जातं ते फक्त तब्येतीचं, आणि तेही उत्तर ठरलेलं असेल तर. मी आवाज साफ करण्याच्या कामात इतकी पटकन रुळले ती बहुतेक यामुळेच: सगळ्यांची उत्तरं ऐकायची, विचारायचं मात्र दुसऱ्या कुणीतरी.

तरी मी कामाला लागले. पाहुणे शोधले. एका जलतरणपटूच्या व्यवस्थापकाने आधी न विचारायच्या गोष्टी कळवल्या. त्या वगळल्यावर त्याची उंची तेवढी उरत होती. एक कवी यायला तयार होते, पण समाजावर बोलण्याऐवजी समाजाला ऐकवणार होते. बुद्धिबळातल्या एका बाईंनी होकार दिला, मात्र प्रत्येक उत्तराआधी पुरेसा विचार करायला मिळावा ही अट घातली. शांततेचा आमचा साठा आधीच भरपूर असल्यामुळे मी आभार मानले. दरम्यान घरी आरशासमोर बसून सराव केला. पहिल्या दिवशी मी आरशाला विचारलं, कशी आहेस? आणि दिवा घालवून उठले. पण आता जमतं. लहान प्रश्न, एका श्वासात, शेवटी आवाज वर. आणि विचारून झालं की गप्प बसायचं, मात्र आधी विचारायचं. काकांच्या दोन्ही पद्धतींमधून मला एवढं शिकता आलं, आणि हे थोडं नाही.

तेव्हा काळजीचं कारण नाही. भाग होणार आहे. पुढच्या आठवड्यात लाल दिवा लागेल, मी काचेपलीकडे बसेन, आणि कार्यक्रम ‘पटापट’च्या घशात जाणार नाही. पाहुणीसुद्धा ठरली आहे. ती अजून हो म्हणालेली नाही, पण ही तांत्रिक बाब आहे. हे पत्र केवळ खुशालीचं आहे. तुझ्याकडून मला काही नको. आई तुझी आठवण काढते. बाबा गुडघ्याला शेक द्यायला सांगतात.

लहानांना आशीर्वाद लिहायची रीत आहे, पण तुझ्या घरात तुझ्यापेक्षा लहान कुणी नाही, तेव्हा ते तूच ठेवून घे.

तुझी भाची

ता. क. एक राहिलं. तू फोनवर विचारलं होतंस, ती वेटलिफ्टर काय म्हणाली? तेव्हा मला माहीत नव्हतं. काका आभार मानून तिची पिशवी उचलायला बाहेर गेले त्यानंतरचा भाग मी नेहमी न ऐकताच कापते. पाहुणे शोधताना तो परत काढून ऐकला. माइक चालू होता. ती काचेकडे, म्हणजे माझ्याकडे बघून बोलत असणार, आणि मी त्या वेळी खाली मान घालून वायर गुंडाळत होते. ती म्हणाली: “तुमच्या काकांनी सगळं विचारलं, एक सोडून. आमच्या सरांनी आम्हाला एका हॉकीच्या गोलकीपरची गोष्ट सांगितली होती. निवडणुकीआधी अख्ख्या संघाला पुढाऱ्याच्या मागे व्यासपीठावर उभं केलं. ही नाही गेली. म्हणाली, मी अडवायला उभी राहते, शोभेला नाही. दुसऱ्या दिवशी संघातून नाव गेलं, आणि कारण दिलं, गुडघा. तेव्हापासून आमच्याकडे कुणाला असं उभं राहायला बोलावलं की आम्ही म्हणतो, गुडघा दुखतोय. एकदा तर आमच्या अख्ख्या चमूचे गुडघे एकाच दिवशी दुखले. पुढारी एकटाच उभा होता फुलं घेऊन. ती बाई कोण होती, आहे का नाही, काही माहीत नाही. भेटली तर विचारायचं आहे, तुमचा खरंच दुखत होता का?” त्यानंतर पिशवी घेऊन काका आत आले.

मी बाबांना विचारलं, आत्याने हॉकी का सोडली? आरशाव्यतिरिक्त मी ज्याला प्रश्न विचारला असा तो पहिला माणूस. ते म्हणाले ‘गुडघा’, आणि नळ बंद करायला उठले. नळ बंदच होता. बराच वेळ ते तिथेच उभे होते.

ता. क. २. पाहुणी कोण हे आता तुझ्या लक्षात आलं असेल. पुढाऱ्याचं नाव घ्यायचं की नाही ते तू ठरव. बाकी मी एकही प्रश्न तब्येतीचा विचारणार नाही, आणि मास्तर येणार नाहीत. ‘ठेवते गं’ म्हणायची सवय असेल तर खुशाल म्हण, पण ठेवायला तिथे काही नसेल, दोघींच्या मध्ये फक्त टेबल आहे. तुला न आवडलेलं वाक्य मी काढून टाकीन, आणि ते कधी होतं यावर कुणाचा विश्वास बसणार नाही इतकं स्वच्छ काढीन. तसा माझा लौकिक आहे. मात्र त्या वाक्याआधीच्या तुझ्या थांबण्याला मी हात लावणार नाही. वेटलिफ्टर काचेअलीकडे माझ्या खुर्चीत बसणार आहे. तिला काहीही सांगितलेलं नाही. पाहुणी गोलकीपर होती, एवढंच म्हटलं, तर तिने कुठली असं विचारलं नाही, नुसती उठून उभी राहिली.

ता. क. ३. तू मागच्या वेळी आलीस तेव्हा स्टुलावर चढून आमचा बल्ब बदललास. बाबा खाली स्टूल धरून उभे होते आणि तुझ्या गुडघ्याला जपायला सांगत होते. मी दारात होते. आपल्या रीतीप्रमाणे कुणीच काही विचारलं नाही.

लिफ्ट त्या दिवशीही बंद असेल. ती मीच बंद करते, आणि तुझ्यासाठीही नियम बदलणार नाही. तेव्हा गुडघा खरंच दुखत असेल तर तसं कळव, मी खाली येईन, आपण चष्म्याच्या दुकानासमोर उभं राहून दुसरं काहीतरी बोलू आणि हा विषय मी पुन्हा काढणार नाही. दुखत नसेल तर वर ये.